मुलीकडचे तोंड

ज्याचा अपमान झाला आहे त्याने मानाची भरपाई मागावी, यात अधर्म नाही. परंतु ती कोणाकडून घ्यावी, कोणत्या स्थळी घ्यावी आणि तिच्यापायी दुसऱ्याचे काय पणाला लावावे, हे ठरवण्याचा अधिकार अपमानिताला आपोआप मिळत नसतो. दुखावलेल्या माणसाला नेमके हेच दिसेनासे होते. महिपती मुकादम दुष्ट नव्हता. त्याच्या हाताखाली आयुष्यभरात एकही माणूस दगावला नव्हता, आणि याचा त्याला रास्त अभिमान होता. तरीही एका दुपारी त्याच्या हातून जे घडता घडता राहिले, ते दुष्टाच्या हातून घडते त्याहून वेगळे नसते. म्हणून ही हकिकत सांगायची.

नव्या शतकाची ती पहिली वर्षे होती. संगणकाच्या नोकऱ्या करणारी तरुण मंडळी सिंहगड रस्त्याच्या आजूबाजूला घरे घेत सुटली होती. इमारती आधी उभ्या राहिल्या, आणि त्यांत राहायला आलेल्यांना नळ कोरडे आहेत हे मागाहून कळले. तेव्हा खडकवासल्याचे पाणी त्या वस्त्यांना पोचवण्यासाठी धायरीच्या मागच्या टेकडीच्या पोटातून एक लहानसे भुयार खणायचे ठरले. भुयार कसले, एका जलवाहिनीपुरती वाट. हात वर केला तर बोटे छताला लागावीत, एवढीच त्याची उंची.

असे भुयार दोन्ही बाजूंनी खणत नेतात. धायरीकडच्या तोंडाला काळा, निबर खडक होता. तिथे महिपतीची टोळी छिद्रे पाडी, त्यांत दारू भरी, उडवी आणि राडारोडा ढकलगाडीतून बाहेर काढी. टेकडीपलीकडच्या तोंडाला मांजऱ्या नावाचा ठिसूळ, ठिपकेदार दगड होता. तिथे कंत्राटदाराने एक परदेशी यंत्र आणून सोडले होते. बुटके, साखळीच्या पट्ट्यांवर सरपटणारे, विजेवर चालणारे. पुढे लांब मान, मानेच्या टोकाला गरगर फिरणारे डोके आणि त्या डोक्यावर पोलादी दातांची रांग. डोके दगडाला टेकवले की दगडाचा भुगा होऊन खाली गळे, आणि यंत्राच्या पोटाखालच्या पट्ट्यावरून मागे वाहत जाई. धूर नाही, धमाका नाही. महिपतीची माणसे त्याला ‘घूस’ म्हणत. त्या शब्दात कौतुक नव्हते.

ती घूस चालवणारा उत्तरेश्वर हा महिपतीचा जावई होता.

हे दोघेही मूळचे पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले. कालव्यांच्या आणि धरणांच्या कामांमागून फिरत पुण्यापाशी येऊन ठेपलेले. उत्तरेश्वरला भुयारात प्रथम महिपतीनेच नेले होते. खडकावर पहार कशी टेकवावी, छत कधी बोलते आणि कधी गप्प राहते, हे सारे त्यानेच शिकवले होते. तेव्हा तो त्याला ‘उत्तऱ्या’ म्हणे, चुकला तर पाठीत धपाटा घाली. पोरगा गुणी निघाला म्हणून त्याने आपली राधा त्याला दिली. इथेच सारे बिनसले.

लग्नाच्या मांडवात, रिवाजाप्रमाणे, महिपती व्याह्यांचे पाय धुवायला परात घेऊन बसला. व्याही रावसाहेब. परातीत पाय ठेवताच त्यांनी उचलले. “गार हाय पानी.” महिपतीने पाणी तापवून आणले. “पोळलं की वो! पाय भाजता का आमचं?” महिपती पुन्हा उठला. त्याची सारी टोळी नवे फेटे बांधून पंगतीत बसली होती, आणि त्या टोळीसमोर रावसाहेब मोठ्याने म्हणाले, “डोंगार फोडतो म्हनं मुकादम. तांब्याभर पानी धड आनता येईना!” मांडव हसला. महिपतीला त्या हसण्याचे एवढे दुःख झाले नाही. दुःख झाले ते नवरदेवाचे. उत्तरेश्वर मुंडावळ्यांआडून खाली बघत बसून राहिला. ज्याला त्याने भाकरीसारखे हातावर थापून मोठे केले, तो एक शब्द बोलला नाही.

त्या दिवसापासून ‘उत्तऱ्या’ संपला. जावयाला अरेतुरे करता येत नाही. महिपती त्याला ‘पाव्हणं’ म्हणू लागला आणि त्या एका शब्दात जेवढे विष मावेल तेवढे भरू लागला. पुढे वर्ष सरायच्या आत उत्तरेश्वर टोळी सोडून यंत्राच्या कामाला गेला. पगार बरा होता, दारूचा धोका नव्हता. त्याने सासऱ्याला विचारले नाही, कारण काय उत्तर येईल हे त्याला ठाऊक होते.

आता या कामकऱ्यांची एक रीत सांगितली पाहिजे. दोन बाजूंच्या मधला खडक थोडा उरला की एका बाजूने काम बंद करायचे असते, नाहीतर एकाचा घाव दुसऱ्याच्या छातीवर बसायचा. हा सुरक्षेचा नियम. पण माणूस नुसत्या नियमावर जगत नाही. फार पूर्वी कोणीतरी त्या नियमाला लग्नाचे रूप दिले. जे तोंड थांबेल ते मुलीकडचे. जे खडक फोडून पलीकडे येईल ते मुलाकडचे. मुलीकडच्यांनी दिवा लावून वाट पाहायची, भगदाड पडले की येणाऱ्यांचे पाय धुवायचे आणि त्यांना जेवू घालायचे. एरवी हा साराच थट्टेचा मामला. मुलाकडचे मुद्दाम रुसत, मुलीकडचे मुद्दाम मिठाचा चहा पाजत. महिपती आजवर दोन्हीकडे बसला होता आणि दोन्हीकडे हसला होता. या वेळी मात्र काम सुरू होताच त्याने टोळीला बजावले होते, “समोर कोन हाय ते ठावं हाय न्हवं? ह्या डोंगरात म्या मुलीकडचा व्हनार न्हाई. एकदा झालो, तेवढं बास.”

खडक थोडा उरल्याच्या सुमारास राधा माहेरी येऊन गेली. परसातल्या कोरफडीची पाती मोडून ती पिशवीत भरत होती.

“कुनाला भाजलं?” महिपतीने विचारले.

“ह्यांचीच बोटं. आता समोर काळा दगूड लागलाय, घुशीचं दात लई झिजत्यात. मशीन थांबवून ह्यांना पुढं जावं लागतं दात बदलाया. तापल्यालं असत्यात, निवंस्तवर दम निघत न्हाई ह्यांना.”

“दात मशीनला आन् बोटं पाव्हण्याची,” महिपती म्हणाला. “चांगली सोयरीक हाय.”

राधा पिशवी उचलून उभी राहिली. “दादा, तुमी दोघं माज्याशी बोलता. एकमेकांशी कधी बोलनार?”

“त्येंनी मांडवात बोलायचं हुतं,” महिपती म्हणाला आणि आत निघून गेला.

त्यानंतर एका सकाळी सत्यशीला धायरीच्या तोंडाशी स्कूटर लावून आत आली. या कामावरची ती अभियंता. लहान चणीची, डोक्यावर पिवळा टोप, बोलणे थोडके. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला होता. मानपान कोण कोणाकडून का मागतो, हे त्या घराला कोणी शिकवावे लागले नव्हते.

“महिपतराव, आजपासून हे तोंड बंद,” ती म्हणाली. “उरलेला खडक मशीन काढेल.”

“म्हंजी आमी थांबायचं.”

“हो. थांबण्याला मराठीत दुसरा शब्द असला तर तो वापरा.”

टोळीतले दोघेतिघे खाली बघू लागले. महिपती पुढे सरकला. “घुशीला थांबवा की. बटन दाबलं की झालं.”

“मशीन चालू असताना पलीकडे उभ्या माणसाच्या अंगावर दगड उडत नाही. सुरुंगाने उडतो. म्हणून सुरुंगवाल्याने थांबायचं. यात अपमान शोधायचा असेल तर जेवणाच्या सुट्टीत शोधा.”

“भोकं मारून झाल्यात आजची.”

“मारलेली असू द्यात. भरू नका. दारूचं खोकं संध्याकाळच्या गाडीने परत जाईल.”

“बाई, आमच्यात एक रीत हाय—”

“माहीत आहे मला तुमची रीत. पाय धुवायचे, जेवायला घालायचं. छान आहे. पण माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. घरी आले की सांगायचे, दारूला मान कळत नाही, अंतर कळतं. आणि अंतर तुम्हाला वाटतंय तेवढं उरलेलं नाही. मी पलीकडे जातेय. काही लागलं तर फोन करा.”

दोन्ही तोंडांशी एकेक फोन बसवलेला होता. उडवण्याआधी पलीकडे कळवून त्यांचा होकार घ्यायचा, असा दंडक होता. सत्यशीलेची स्कूटर उताराला लागली, आणि तिचा आवाज विरला तसा दत्तोबा महिपतीजवळ सरकला. दत्तोबा हा सुरुंगवाला, परवानाधारक, जिभेने तिखट पण मनाने मऊ.

“आता दिवा लावायचा का मुकादम? का मांडवबी घालायचा?”

“भोकं भर,” महिपती म्हणाला.

दत्तोबाचे हसू गळून पडले. “बाईंनी खोकं परत द्याया सांगितलंय.”

“देऊ की परत. रिकामं.”

“मुकादम, समोर मानसं हायती.”

“मला शिकीवतोस? ऐक. घूस चालू हाय तंवर म्या उडवनार न्हाई. माजा हात खडकावर असंल. ती थांबली, की समजायचं तोंड मोकळं. मंग एकच दनका. भगदाड आपल्या बाजूनं पडलं, की आपन मुलाकडचं. मंग धू म्हनावं पाय.”

“आन् फोन?”

“फोन केला तर इचारावं लागंल. इचारलं तर बाई नगं म्हनंल.”

यात महिपती स्वतःशी खोटे बोलत नव्हता, हे ध्यानी घेतले पाहिजे. साऱ्या हयातीत त्याने भुयारात जे ऐकले त्यावरून त्याचा असा पक्का समज होता, की खडकापलीकडची शांतता म्हणजे रिकामी जागा. हाताने खणणारा माणूस काम थांबले की तोंडाशी रेंगाळत नाही. छिद्रे झाली, हत्यारे उचलली, मागे फिरला. खणण्याचा आवाज असे तोवर माणूस असे, आवाज थांबला की माणूस निघून गेलेला असे. या नियमाने त्याला कधी दगा दिला नव्हता. आणि मन कडवट झाले की माणूस नवे काही शिकत नाही, जुन्याच खात्रीला अधिक घट्ट धरतो.

दत्तोबाने भरायला सुरुवात केली. त्याचे हात नेहमीसारखे सावकाश चालले होते, पण तो नेहमीसारखा गुणगुणत नव्हता. वायर जोडून झाल्यावर महिपतीने सगळ्यांना बाहेर पाठवले आणि एकटा खडकाशी थांबला.

तळहाताखाली खडक थरथरत होता. लांबून ऐकू येणारे घुशीचे ते दळण आता लांब राहिले नव्हते. जात्याच्या पाळीवर हात ठेवावा तशी थरथर मनगटात चढत होती. तो उभा राहिला. मांडवातले हसणे त्याला आठवत होते, परातीतले दोन वेळा बदललेले पाणी आठवत होते, आणि मुंडावळ्यांआड झुकलेली ती मान. ‘धू म्हनावं,’ तो खडकाला म्हणाला. ‘गार हाय म्हनीन. तापवून आना म्हनीन.’

थरथर थांबली.

एकाएकी, दिव्यावर फुंकर मारावी तशी. महिपतीने दुसरा हातही टेकवला, कान लावला. काही नाही. छतातून एक थेंब पडल्याचा आवाज तेवढा आला. थांबले. पाव्हणे थांबले. डोंगर मधोमध फुटायचा होता आणि घुशीने आधी माघार घेतली होती.

तो भराभर बाहेर आला. टोळी तोंडापासून लांब, कातळाच्या आडोशाला बसली होती.

“थांबलं!” तो म्हणाला. “शिट्टी मार.”

दत्तोबाने शिट्टी फुंकली. वायरी सुरुंग उडवायच्या पेटीला लावून त्याने तिची किल्ली हातात घेतली. एवढा वेळ गप्प असलेल्या त्या माणसाची जीभ आता, काम पार पडत आले म्हणून असेल, मोकळी झाली.

“दमली की वो घूस,” तो म्हणाला. “दात पडलं जनू तिचं.”

माणसे हसली. महिपतीही हसला. आणि हसता हसताच त्याला कोरफडीची मोडलेली पाती दिसली. पिशवीत कोंबलेली, चिकट, हिरवी. मशीन थांबवून ह्यांना पुढं जावं लागतं.

पुढे. यंत्राच्या पुढे. त्या फिरत्या डोक्याच्या आणि खडकाच्या मधल्या सांदीत, पाठ खडकाला टेकवून, बोटांत तापलेला पोलादी दात धरून. घूस चालू असते तेव्हा तिच्या पुढे कोणी नसते. घूस थांबते तेव्हाच तिथे माणूस असतो.

दत्तोबाने किल्ली पेटीत घातली होती. महिपतीने झेप घेतली ती त्याच्या अंगावरच. दोघेही खडीत आपटले. महिपतीने दोन्ही वायरी मुठीत धरून हिसडल्या, पेटीपासून तोडल्या आणि लांब भिरकावून दिल्या. कोणाला काही कळेना.

“मुकादम! खूळ लागलं का?” दत्तोबा ओरडला. त्याचे कोपर फुटले होते.

“त्यो पुढं हाय,” महिपती म्हणाला. “पाव्हणं पुढं हाय. दात बदलतंय.”

दत्तोबाने पेटीतली किल्ली काढली, कमरेला खोचली आणि तोंड वळवून बसला.

आता प्रश्न उरला तो असा. वायरी तुटल्या होत्या, पण भरलेली छिद्रे खडकात तशीच होती. दात बसवून झाले की घूस पुन्हा सुरू होणार. ते फिरते डोके खडक पोखरत पोखरत त्या दारूपर्यंत पोचणार, आणि मग किल्लीची गरज उरणार नव्हती. महिपतीला चटकन हे उमगले. पलीकडे कळवावे लागणार, म्हणजे आपण काय केले तेही सांगावे लागणार. सांगितले की हे काम गेले, आणि नुसते हेच नव्हे. ज्या कामावर सुरुंग चोरून भरला जातो, त्याच्या मुकादमाला पुढे कोणी उभे करत नाही. ज्या नावाकरिता हा सारा खटाटोप, ते नाव त्या काळ्या फोनच्या तोंडात घालायचे होते. तो फोनपाशी गेला आणि त्याने तो उचलला.

“सत्यशीला बोलतेय.”

“बाई, म्या महिपती. मशीन चालू करू देऊ नगा.”

“का?”

“भोकं भरल्यात.”

तिचा आवाज आला तो इतका सपाट, की ओरडली असती तर बरे वाटले असते.

“वायर?”

“तोडली.”

“आत कोणालाही सोडू नका. स्वतःलाही.”

तिने फोन खाली ठेवला नाही, नुसता बाजूला केला. महिपतीला तिची हाक ऐकू आली, “उत्तरेश्वरला बाहेर काढा! दात राहू दे, माणूस आधी!” मग धावणारी पावले. मग काहीच नाही. महिपतीने तो फोन कानाशी इतका दाबून धरला की कान दुखू लागला. देवाचे नाव घ्यावे असे त्याच्या मनात आले, पण जिभेवर आले ते वेगळेच. “उत्तऱ्या,” तो पुटपुटला. “ये की रं भाईर.” बऱ्याच वेळाने लांबून एक वैतागलेला, दमलेला, जिवंत आवाज आला, “आवो बाई, अर्धा दात बसीवलाय, आता काय झालं मधीच?”

महिपती खाली बसला.

सत्यशीला टेकडीला वळसा घालून आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. राग नंतरसाठी राखून ठेवावा अशी तिची कामाची शिस्त असावी. तिने दत्तोबाला उलटसुलट विचारले, फेकलेल्या वायरी पाहिल्या. भरलेली छिद्रे रिती करत बसण्यापेक्षा, पलीकडून माणसे आणि यंत्र पार मागे घेऊन, दोन्ही तोंडे मोकळी करून, नियमाने उडवणेच कमी धोक्याचे, असे तिने कंत्राटदाराच्या साहेबांशी फोनवर बोलून ठरवले. घूस सरपटत आपल्या तोंडाबाहेर आली. पलीकडच्या माणसांची मोजदाद तिने स्वतः फोनवर नावानिशी घेतली. मग वायरी नव्याने जोडल्या, आणि दत्तोबाने किल्ली फिरवली.

धूर निवाल्यावर ती, दत्तोबा आणि महिपती आत गेले. खडकाच्या जागी भगदाड होते आणि त्यातून पलीकडचा गार वारा येत होता. तिने सकाळीच सांगितले होते, अंतर उरलेले नाही. पलीकडच्या जमिनीवर दगडांची रास पडली होती. जिथे घुशीचे डोके टेकले होते, जिथे दात बदलणारा बसला होता, तिथे एक लोखंडी घमेले चेपून पापडासारखे झाले होते. घाईत तेवढे मागे राहिले होते. झिजलेले दात त्यातून चहूकडे विखुरले होते.

सत्यशीलेने घमेल्यावर विजेरीचा झोत धरला आणि तो तिथेच राहू दिला.

“बघून घ्या,” ती म्हणाली. “तुमचा मान एवढ्या मापाचा होता.”

महिपतीने पाहिले.

“उद्यापासून तुम्ही या कामावर नाही. दत्तोबांचा परवाना माझ्या हातात नाही, पण झालं ते मी वर कळवणार. तुम्ही फोन केलात हेही कळवीन. त्याने फरक पडेल असं समजू नका.”

“न्हाई समजत,” महिपती म्हणाला.

तेवढ्यात पलीकडून दगडांच्या राशीवर पाय देत उत्तरेश्वर आला. त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्याने घमेले पाहिले. मग सासऱ्याकडे पाहिले. लग्नानंतर प्रथमच तो सरळ नजरेला नजर देऊन बोलला.

“मामा, म्या मेलो असतो तर चाललं असतं तुमाला?”

“न्हाई,” महिपती म्हणाला. “मला वाटलं, मशीन थांबलं म्हंजी तोंड मोकळं.”

“मंग फोन का न्हाई केला?”

या प्रश्नाचे जे उत्तर होते ते महिपतीने सकाळी दत्तोबाला दिले होते. ते त्याला पुन्हा उच्चारवेना. दत्तोबाने मान फिरवली.

“राधाला काय सांगू म्या?” उत्तरेश्वर म्हणाला. “तुज्या बानं मरनाचं दार उघडलं हुतं, असं सांगू?”

“जे झालं त्येच सांगा,” महिपती म्हणाला आणि मागे वळून बाहेर गेला. सर्वांना वाटले, तो गेला तो गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत गार पाण्याची कळशी होती, एका हातात पितळी परात आणि दुसऱ्या हातात वाफाळता तांब्या. परात त्याने काम सुरू झाले तेव्हाच, समोरच्यांकडून पाय धुऊन घेताना हाताशी असावी म्हणून, हत्यारांच्या खोपटात गुंडाळून ठेवली होती. गरम पाणी टोळीच्या चुलीवरचे. दत्तोबा अस्वस्थपणे म्हणाला, “मुकादम, भगदाड आपल्या दारूनं पडलंय. रीतीनं आपन मुलाकडचं.”

“आदी कोन थांबलं?”

दत्तोबाने आपले फुटलेले कोपर चोळले.

“आमी थांबलो,” महिपती म्हणाला. “वायर म्या तोडली. थांबंल ते मुलीकडचं.” त्याने परात दगडांवर नीट टेकवली, तांब्यातले पाणी ओतले, कळशीतले थोडे गार पाणी मिसळले आणि कोपर बुडवून पाहिले. पुन्हा थोडे गार घातले. पुन्हा कोपर बुडवले. लहान मुलाच्या अंघोळीचे पाणी बघावे इतक्या काळजीने तो ते बघत होता. मग गुडघे टेकून बसला आणि वर न पाहता म्हणाला, “या, पाव्हणं.”

त्या शब्दात त्या दिवशी विष नव्हते. असलेच तर ते जुने, निवलेले होते.

उत्तरेश्वर हलला नाही. त्याचा राग खरा होता आणि तो एका तांब्याने उतरण्यातला नव्हता. सत्यशीलेकडे त्याने पाहिले, जणू हेही कामाच्या नियमांत बसते का असे विचारावे. ती म्हणाली, “हे तुमच्या घरचं आहे. मी मध्ये नाही.” आणि विजेरीचा झोत घमेल्यावरून काढून तिने परातीवर धरला.

अखेर त्याने बूट काढले. पाय परातीत ठेवले. महिपतीने ते दगडाच्या भुकटीने माखलेले पाय दोन्ही हातांनी, बोटांच्या बेचक्यांसकट, सावकाश धुतले. उत्तरेश्वर वरून त्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे बघत राहिला. कदाचित त्याला मांडव आठवला असेल. कदाचित नसेलही. तो फक्त एवढेच म्हणाला,

“पानी बरूबर हाय, मामा.”

तो जेवायला थांबला नाही. बूट तसेच हातात घेऊन, ओल्या पायांनी, आपल्या बाजूच्या उजेडाकडे चालत गेला. महिपतीने परात उचलली आणि आपल्या बाजूला वळला. दोघांच्या मध्ये आता खडक नव्हता, पण बोलणे अजून फुटले नव्हते. ते फुटायला वेळ लागतो आणि त्याला कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही.

पुढे त्या भुयारातून पाणी वाहू लागले. वरच्या मजल्यांवर राहणारी मंडळी नळ सोडतात, पेला भरतात, आपल्या कामाला लागतात. त्यांना यातले काही ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. ते पाणी त्यांना गोड लागो. राधेच्या घरी दोन्ही बाजूंची माणसे एकाच पंगतीला बसोत. पोळलेली बोटे बरी होवोत, ज्या हाताने वायर तोडली त्या हाताला पुन्हा काम मिळो, आणि जिने कठोर होऊन माणसे वाचवली तिला आयुष्यात कधीतरी मऊ होण्याची उसंत लाभो.

सर्वांचे कल्याण असो.